डावीकडची झाडं

९ एप्रिल

ठकूबाई,

रविवारी मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस. रविवारी मी डोंगरावर असते. हौसेने नाही, तुझ्या दादाने नेलेली असते.

तो खेळतो त्या खेळाचं नाव डिस्क गोल्फ. गोल्फच, पण चेंडूच्या जागी बशीपेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची चकती. काठी नाही, हातानेच फेकायची. भोकाच्या जागी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली, तिच्यावर साखळ्या लोंबतात. चकती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की तो टप्पा संपला. कमीत कमी फेकींत संपवायचा. असे अठरा टप्पे. सपाट मैदान असतं तर मी तक्रार केली नसती. पण इथे पूर्वीच्या लाकूडतोड्यांच्या वाटांवर हे टप्पे आखलेत. दोन्ही बाजूंना झाडांची भिंत, मधे जेमतेम माणूस जाईल एवढा बोळ, तोही वाकडा, खाली मुळांचं जाळं आणि एका अंगाला दरी. ज्याने आखलं त्याला माणसांचा राग असावा.

रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी दादाला चालायला सांगितलं होतं, आणि नुसतं चालणं त्याला कमीपणाचं वाटतं. डेपोतला मेकॅनिक हा खेळ खेळायचा, त्याच्याबरोबर हा जाऊ लागला. आठवडाभर घाटात बस चालवणारा माणूस सुट्टीला पुन्हा तोच डोंगर चढतो याचं मला नवल वाटायचं, पण घरात शांतता मिळायची म्हणून मी गप्प होते. आता मेकॅनिकने अंग काढून घेतलं. गुडघा दुखतो म्हणे. ऑक्टोबरात जोड्यांची स्पर्धा आहे आणि तुझ्या दादाला जोडीदार हवा. मग काय, मी आहेच.

माझी पहिली चकती समोरच्या झाडावर आपटली आणि माझ्या मागे जाऊन पडली. एक फेक खर्च करून मी सुरुवातीपेक्षा मागे गेले. दादा म्हणाला, झाडाकडे बघू नकोस, झाडांमधल्या मोकळ्या जागेकडे बघ. मी म्हटलं, मोकळी जागा दाखव, बघते.

बरं, याचं स्वतःचं काय? उजव्या हाताने फेकलेली चकती जोर संपला की डावीकडे वळते, हे त्यानेच मला शिकवलं. आणि डावीकडे वळली की “कुठे गेली?” हेही तोच मला विचारतो. जोडीच्या खेळात एक फेक त्याची, पुढची माझी, पहिली जिथे पडली तिथून. म्हणजे त्याची चकती झुडपात आणि त्या झुडपात शिरून पुढची फेकायची मी. काल माझ्या बाहीला भोक पडलं.

हे फोनवर सांगितलं असतं, पण घर दोन खोल्यांचं आणि तुझ्या दादाचे कान तिखट. म्हणून दुकानात गिऱ्हाईक नसताना किल्ल्या घासायच्या मशीनशेजारी बसून लिहितेय. कागदाला पितळेचा कीस लागला असेल तर झटक.

वैतागलेली,
तुझी वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र मी शिवणखोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही सगळ्याजणी पोट धरून हसलो, आणि इस्त्री करणारीने तर एका सैनिकाच्या कोटाला चटका दिला. नाटक पुढच्या महिन्यात उभं राहायचंय. अख्खी पलटण कपड्यांवाचून बसली आहे आणि मी तुला पत्र लिहितेय, यावरून समज.

मला विचारशील तर तू उगाच चिडतेस. दादाला लहानपणापासून मनातलं सांगता येत नाही. त्याला भूक लागली की तो भांडण काढायचा, आणि आईला बरोबर कळायचं. आताही तसंच असणार. मुलगी शिकायला बाहेर गेली, घर रिकामं झालं, बायकोबरोबर वेळ घालवावा असं वाटलं असेल. ते तोंडाने कसं म्हणायचं? म्हणून स्पर्धा, म्हणून जोडीदार. मेकॅनिकच्या गुडघ्यावरही माझा विश्वास नाही. दादाच्या तोंडाला कंटाळला असेल. कॅरममध्ये हरला की बोर्ड नीट पुसला नाही म्हणायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तू आपली दोन-चार महिने जा. बाही फाटली तर माझ्याकडे पाठव, दिसणार नाही असं रफू करून देते.

तुझी ठकू


४ जून

ठकू,

तुझ्या पत्राने मला हसू आलं नाही. बायकोबरोबर वेळ घालवायचा असता तर त्याने माझ्याशी बोलायला काय हरकत होती? तो बोलत नाही. तो ओरडतो.

“बघितलीस का कुठे गेली?” रविवारचा अर्धा दिवस मी हे एवढंच ऐकते. आता त्याने नवी पद्धत काढली आहे. तो फेकायच्या आधी मी पुढे जाऊन वाटेच्या वळणावर उभं राहायचं आणि चकती कुठे पडते त्यावर नजर ठेवायची. मी डोळ्यांत तेल घालून उभी असते. चकती अंगावरून जाते, मी बोट दाखवते, तरी तो उतरून भलतीकडेच शोधतो. दाखवलं तर म्हणतो, तू हात हलवलासच नाही. गेल्या खेपेला नवीकोरी चकती हरवली. ती त्याच्या डाव्या पायाशी होती, ठकू. मी वर आले आणि उचलून दिली, तर मी ती पदरात लपवली होती असा चेहरा केला.

सहाव्या टप्प्यावर उतार आहे. पावसाने माती निसटून मुळं वर आलीत. तिथे तो दोनदा पडला. आठव्यावर आडव्या आलेल्या फांदीवर कपाळ आपटलं, रक्त आलं. मी रुमाल बांधत होते तर हा त्या झाडावर चिडलेला. “हे झाड इथे कधी आलं? गेल्या आठवड्यात नव्हतं.” मी म्हटलं, झाड आहे ते, बदलीवर आलेलं नाही. त्यावर त्याने माझा हात झिडकारला.

अकराव्या टप्प्यावर माझा तोल सुटला. त्याने मला तिसऱ्यांदा “तुझं लक्ष कुठे असतं?” विचारलं आणि मी माझ्या हातातली चकती सरळ दरीत भिरकावली. आजवरची माझी सगळ्यात चांगली फेक ती. किती लांब गेली, केवढी सरळ गेली. दादा म्हणाला, “आता का नाही जमत तसं टोपलीकडे?” मी तशीच खाली आले. तो तासाभराने आला. गाडी मीच चालवली. हल्ली सुट्टीच्या दिवशी तो मलाच चालवायला लावतो. आठवडाभर चालवून कंटाळा येतो म्हणे.

मेकॅनिक परवा बाजारात दिसला. दोन पिशव्या घेऊन टणाटण जिना चढत होता. तू म्हणालीस ते बरोबर, गुडघ्याला काही झालेलं नाही. तो शहाणा निघाला, सुटला. मी कशी सुटू ते सांग.

वहिनी


१३ जून

वहिनी,

हे पत्र एकटीने वाच.

मी ते शिवणखोलीत वाचायला घेतलं होतं. “हे झाड इथे कधी आलं” इथपर्यंत आले आणि पुढे मोठ्याने वाचता येईना.

तुझं लग्न झालं तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले होते, म्हणून त्यांचं चालतंफिरतं म्हातारपण तू पाहिलं नाहीस. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात एक स्टूल असायचं, त्यावर ते रोज अडखळायचे आणि रोज ओरडायचे, “हे इथे कोणी ठेवलं?” ते वर्षानुवर्षं तिथेच होतं. चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायचे. डावा खांदा चौकटीला घासून त्या बाजूचा रंग गेला होता. आम्ही म्हणायचो वय झालं, चिडके झालेत. पेपर मात्र शेवटपर्यंत स्वतः वाचायचे, त्यामुळे डोळ्यांचा कुणाला संशय आला नाही. अंथरुणाला खिळायच्या आदल्या वर्षी त्यांना हाताला धरून न्यायला लागायचं आणि तेव्हाही आम्ही मोतीबिंदू असेल म्हणून सोडून दिलं. कुणी नेऊन दाखवलं नाही.

दादा तोच चिडका सूर लावतोय. मी आधीच्या पत्रात केली ती थट्टा मागे घेते. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. चष्म्याच्या दुकानात नाही, डॉक्टरकडे. घाटात बस चालवतो तो, वहिनी. मागे माणसं बसलेली असतात.

लवकर कळव.

ठकू


२६ जून

ठकू,

तुझं ऐकलं आणि पस्तावले.

जेवताना हळूच विषय काढला. डोळे दाखवून येऊ, दोघंही दाखवू, मलाही किल्ल्यांचे दाते हल्ली पुसट दिसतात. इतक्या गोडीत मी हल्ली गिऱ्हाइकाशीही बोलत नाही. त्याने विचारलं, “हे कुणाच्या डोक्यातून निघालं?” मला खोटं बोलता येत नाही, तुझं नाव सांगितलं. बाबांचंही सांगितलं.

तो उठला, माझ्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आला आणि त्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं सगळं मला वाचून दाखवलं. तारीख, कारखान्याचा पत्ता, किती अंश तापमानात ठेवायचं, सगळं. चष्म्याशिवाय. मला तर तिथे अक्षरं आहेत हेच ठाऊक नव्हतं. मग म्हणाला की दर वर्षी कंपनी डोळे तपासते, तक्त्याची शेवटची ओळ तो घडाघडा म्हणतो, आणि डेपोत त्याच्यासारखी नजर कुणाची नाही. मला खरं म्हणजे हायसं वाटलं. नजर चांगली आहे, फक्त स्वभाव वाईट आहे. त्याची मला सवय आहे.

पण तेव्हापासून घरात अबोला आहे. सकाळी डबा उचलतो, संध्याकाळी डबा ठेवतो. रविवारी डोंगरावर न्यायचं मात्र चुकत नाही. अठरा टप्पे तोंडाला कुलूप लावून खेळतो आणि चकती हरवली की नुसता माझ्याकडे बघतो. ओरडायचा ते बरं होतं.

तू लांब राहून शंका काढतेस, निस्तरायचं मला. रागावू नकोस, पण हा विषय आता पुरे.

वहिनी


३० जुलै

वहिनी,

रागावले होते. म्हणून महिनाभर लिहिलं नाही. पण त्या महिन्यात एक गोष्ट केली, ती सांगते.

दुसरं नाटकही उभं राहिलं, खोलीला सुट्टी मिळाली, तेव्हा मी स्वतःच डोळे दाखवून आले. मनात होतं की माझे चांगले निघाले की तुला लिहीन, माझीच शंका खोटी होती, विषय संपला. मी दिवसभर सुईत दोरा ओवते, तोही पहिल्या फटक्यात. मला काय होणार?

तक्ता मीही शेवटपर्यंत वाचला. मग डॉक्टरीणबाईंनी मला एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाबत होते. मधेच बराच वेळ काही चमकेना, मला वाटलं यंत्र बिघडलं. यंत्र बिघडलं नव्हतं.

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. आतला दाब वाढून डोळ्याची नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. सुरुवात कडेने होते आणि मधलं शेवटपर्यंत टिकतं, म्हणून तक्ता वाचता येतो, पेपर वाचता येतो, गोळ्यांचं पाकीटही. आणि जिथलं गेलं तिथे काळं दिसत नाही. मी विचारलं, मग मला कळलं कसं नाही? बाई म्हणाल्या, डोकं ती जागा आजूबाजूच्यानेच भरून काढतं. म्हणजे वहिनी, दादाला डावीकडचं झाड अंधुक दिसत नाही. त्याच्यासाठी तिथे मोकळी वाट असते.

गेलेलं परत येत नाही. उरलेलं औषधाने राखता येतं. माझं बऱ्यापैकी उरलंय.

हा आजार घराण्यात चालतो. बाईंनी विचारलं, भावंडं किती? मी म्हटलं, एक मोठा भाऊ. काय करतो? मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

दादाला हे तू सांग. मी फोन केला तर तो ठेवून देईल, आणि मला रडू येईल, आणि मग तो मला समजावण्यात स्वतःचं विसरून जाईल. त्याला तेवढंच निमित्त हवं असतं.

ठकू


८ सप्टेंबर

ठकू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण अर्धवट काही लिहायचं नव्हतं. आता सगळं सांगते. आधी तुझी माफी. तुला “पुरे” म्हणाले तेव्हा तू एकटी त्या यंत्रासमोर बसायला निघाली होतीस.

पत्र मिळालं त्याच आठवड्यात मेकॅनिक दुकानात आला, हत्यारांच्या पेटीची दुसरी किल्ली करून घ्यायला. मी मशीन सुरू केलं आणि त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. तो मशीनच्या आवाजात, मला ऐकू आलं तर आलं अशा बेताने, म्हणाला की गुडघा ठीक आहे. वर्षभरात त्याने दादाच्या बसचा डावा आरसा दोनदा सरळ केलाय, डावीकडच्या पत्र्याचे पोचे काढून रंग मारलाय. दादाला विचारलं तर दादा म्हणाला, खांब रस्त्याच्या फार जवळ रोवलेत. डोंगरावरही तेच, फेकलेली चकती दिसत नाही आणि दोष दुसऱ्याला. मेकॅनिकला ते बघवेना आणि साहेबांना सांगणंही जिवावर येई, म्हणून त्याने येणंच बंद केलं. मला इतका राग आला की अर्धी घासलेली किल्ली तशीच त्याच्या हातात ठेवली. तो ती घेऊन निघूनही गेला.

रविवारी आम्ही वर गेलो. बारावा टप्पा डोंगराच्या धारेवर आहे, तिथून फेकायच्या चौथऱ्यावर उभं राहिलं की समोर झाडांची एकच फट आणि तिच्या टोकाला टोपली. दादा नेम धरत होता. मी आवाज न करता त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. हात लांब केला असता तर त्याच्या कानाला लागला असता. मी लाल चकती वर धरून हलवली. खाली आणली, पुन्हा वर नेली. तो समोर बघत होता. मग त्याने नेहमीच्या सुरात विचारलं, “आता तू कुठे गेलीस?”

“इथेच आहे,” मी म्हटलं.

तो दचकून वळला. माझा उंचावलेला हात बघितला, चकती बघितली. त्याला सगळं समजलं, मला ते दिसलं. पण माणूस कबूल होईल तर ना. म्हणाला, मी नेम धरत होतो, नेम धरताना इकडेतिकडे बघत नसतात. मग मी तुझं सांगितलं. यंत्र, बटण, दोन्ही डोळे, सगळं.

“ठकूला?” तो म्हणाला आणि चौथऱ्यावर खाली बसला. बराच वेळ फक्त तुझ्याबद्दल विचारत होता. शिवता येतं का, रस्ता ओलांडताना कोण असतं, औषध मिळतं का. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मी म्हटलं, हे बघ, तू मंगळवारपर्यंत डेपोत सांग. नाहीतर बुधवारी मी जाऊन सांगेन. त्यावर तो उठला आणि राहिलेले सगळे टप्पे खेळला, एकेक फेक झाडांवर आपटत. एवढा खडखडाट मी कधी ऐकला नव्हता. मी मागून चालत होते. भांडायचंही त्राण नव्हतं.

सोमवारी तो कामावर निघाला तेव्हा मी दारात उभी राहिले. तो मला बाजूला सारून गेला. माझ्यावर त्याने कधी हात उचललेला नाही, त्यामुळे तेवढंही मला फार लागलं. दिवसभर दुकानात रस्त्यावरचा प्रत्येक भोंगा ऐकून मी मशीन थांबवून दारात जात होते.

मंगळवारी, वरच्या वळणाजवळच्या थांब्यावर एक आजीबाई पिशवीसकट हात उंच करून उभ्या होत्या. डावीकडे, रस्त्याच्या अगदी कडेला. दादाला त्या दिसल्याच नाहीत. बस त्यांच्या पुढून निघून चालली, आरशाला त्यांची पिशवी अडकली आणि हातातून ओढली गेली. मागचे प्रवासी ओरडले. ठकू, पिशवीच होती. आजीबाईंना खरचटलंही नाही. पण तो खाली उतरला, रस्त्यावर सांडलेलं त्यांचं सामान गोळा केलं, त्यांना हाताला धरून वर चढवलं, बसवलं. मग स्टिअरिंगमागे जाऊन बसला आणि किल्ली फिरवेना. उठून प्रवाशांकडे तोंड केलं आणि म्हणाला, मला डावीकडचं दिसत नाही, दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत बस इथून हलणार नाही.

लोकांनी काय काय ऐकवलं. कुणाची वेळ टळत होती, कुणाला पुढची गाडी धरायची होती. एकाने विचारलं, मग आजवर कसे चालवत होतात? दादा म्हणाला, “मीही तेच विचारतोय.”

हे त्याने मला घरी येऊन मोरीत हात धुताना सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. हात धुऊन झाले तरी नळ बंद केला नाही.

तपासणी झाली. डावा डोळा पुष्कळ गेलाय, उजवा बरा आहे. औषध सुरू झालंय. बस बंद, कायमची. डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसवलंय. मी काय करू ते मला समजत नाही. जवळ गेले तर खेकसतो, लांब राहिले तर विचारतो कुठे गेलीस. आणि एवढं होऊनही स्पर्धेतलं नाव काढायला तयार नाही. मी हात टेकले.

वहिनी


२२ ऑक्टोबर

ठकू,

तुझी वहिनी म्हणते, मी तुला आयुष्यात पत्र लिहिलेलं नाही. खरं असेल. फोनवर तुझ्याशी दोनदा बोललो, दोन्ही वेळा आपण हवापाण्यावर बोललो. म्हणून लिहितोय. अक्षर ओळीबाहेर गेलं तर समजून घे.

कामाचं आधी सांगतो. चौकशीची खिडकी म्हणजे एक भोक, त्यातून दिवसभर लोक एकच प्रश्न विचारतात, बस का आली नाही. मी इतकी वर्षं बस होतो, आता मी बस न येण्याचं कारण आहे. काल एकाला ओरडलो. साहेबांनी बोलावून समज दिली. बाहेर गाड्या वळतात, मला नुसत्या आवाजावरून कळतं कोण गिअर चुकीचा टाकतोय, आणि उठून सांगता येत नाही. मेकॅनिक येतो, चहा ठेवतो, जातो. आम्ही अजून नीट बोललेलो नाही.

स्पर्धा झाली. आम्ही शेवटचे आलो. शेवटून दुसरे जे होते त्यांच्यातल्या बाईंना सर्दी झाली होती, तरी ते आमच्या फार पुढे होते. अख्ख्या डोंगरभर आम्ही भांडलो. मी फेकणार, वहिनी पुढे उभी राहून ओरडणार, असं ठरलं होतं. ती ओरडायची, “उजवीकडे.” कुणाच्या उजवीकडे? ती माझ्याकडे तोंड करून उभी, तिची उजवी ती माझी डावी. हे तिला तिसऱ्या टप्प्यापासून सांगतोय. नवव्यावर ती म्हणाली, मग तूच तोंड फिरव. मागून येणाऱ्या दोन जोड्यांनी आमची परवानगी मागितली आणि पुढे निघून गेल्या. चौदाव्याला मी मुळांत पाय अडकून पडलो, ती हात द्यायला आली तीही पडली. आम्ही तिथेच चिखलात बसून उरलेलं भांडण संपवलं. ती म्हणाली, तू मला दारातून बाजूला सारलंस. मी म्हटलं, हो. मग तिने उठून माझी फेक सावरली, झुडपातून, गुडघ्यावर बसून, दोन झाडांच्या मधून. सरळ टोपलीपाशी नेली. ती आता बरी फेकते. मी सांगितलं तर डोक्यावर बसेल, म्हणून तुला लिहितोय.

मला अजून राग येतो. कुणाचा ते माहीत नाही. सकाळी उठलो की वाटतं आज सगळं दिसेल, मग चहाचा कप लवंडतो. डॉक्टर म्हणतात आहे तेवढं राहील. आहे तेवढं मला पुरत नाही, ठकू. तुला पुरतं का? तू कधी तक्रार करत नाहीस. लहानपणीही करायची नाहीस, मी तुझ्या वाटणीचं भांडायचो.

आता मुद्द्याचं. रोज झोपताना थेंब घालायचे असतात, ते मला जमत नाहीत. बाटली जवळ आली की डोळा आपोआप मिटतो आणि थेंब गालावर. वहिनी मला पलंगावर आडवं पाडते, दोन बोटांनी पापणी फाकवून धरते, शिव्या देते, मग जातो कसाबसा एक आत. आम्ही दोघं मिळूनही कधी कधी तीन वेळा चुकतो.

तू तिथे एकटीच असतेस. तुझा डोळा कोण उघडून धरतं?

दादा